तीन पाण्यांची सुकट

रकाना १. पदार्थाचे नाव

सुकट.

म्हणजे वाळवलेला जवळा. नखाएवढी कोळंबी, खळ्यावर उन्हात पसरून कडक केलेली. रकान्यात एवढं मावत नाही, म्हणून नुसतं सुकट.

ह्या मालासाठी मी आज भरते आहे तो हा दुसरा फॉर्म. पहिल्यावरची सही माझीच आहे. पहिल्यावर मी खोटं लिहिलंय.

रकाना २. ठिकाण

बंदरवाडी, रत्नागिरी. बायकांच्या सोसायटीचं खळं. अध्यक्ष आवडाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई.

समुद्रापलीकडच्या देशात अणुभट्टी फुटली त्याला आज तेवीस दिवस झाले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वारा पश्चिमेचा होता. आभाळात काही दिसलं नाही, नाकाला काही कळलं नाही. खळ्यावर सुकट पसरलेली होती. दंव पडलं, मग ऊन पडलं, सुकट वाळली, बायकांनी गोण्या भरल्या. सरकारी पत्रक आलं ते नंतर. उघड्यावर वाळवलेलं काहीही तपासल्याशिवाय विकायचं नाही.

तपासणी कॉलेजच्या प्रयोगशाळेत. मुंबईहून स्वरूप सर आले, त्यांच्याबरोबर शिशाच्या जाड भिंतींचं एक यंत्र आलं. खळी ओळखणारं कुणीतरी त्यांना हवं होतं. माझं बी.एस्सी. दुसऱ्या वर्षावर सुटलेलं, तरी त्यांनी मला घेतलं. नमुना सहायक, तीन महिन्यांसाठी.

मर्यादा किलोमागे शंभर बेकरेल. बेकरेल म्हणजे काय, हे मी खळ्याखळ्यांवर बायकांना असं सांगायचे: सेकंदाला एक ठिणगी. किलोभर सुकटीत सेकंदाला शंभर ठिणग्या उडाल्या तर चालेल, त्याच्या वर गेल्या तर पुरायची.

शेजारची पाच खळी तपासली. ३८०. ४४५. ४१०. ५०२. ३९६. पाचही ठिकाणी खड्डे काढले, प्लास्टिक अंथरलं, हंगामाची सुकट त्यात लोटली. आमचं खळं सहावं.

आज सकाळी दहाला आमचा आकडा आला.

चौतीस.

हिरवी चिठ्ठी. म्हणजे माल विकायला मोकळा. मी खळ्यावर फोन केला तेव्हा मागे बायकांचा गलका ऐकू येत होता. आवडाबाई म्हणाल्या, "दर्या सगळ्यांचा गो, पण हात ज्याचा त्याचा."

मला वाटलं नशिबाबद्दल बोलतायत.

रकाना ३. नमुना कोणी घेतला

नियम असा: सहायकानं स्वतःच्या हातानं घ्यायचा. तीन गोण्यांतून, वरचा, मधला, तळचा. चाळायचा नाही, निवडायचा नाही. जसा विकायला जाणार तसा.

काल मी खळ्यावर पोचले तर आवडाबाई घरातून पांढऱ्या कापडाची पिशवी घेऊनच बाहेर आल्या. तोंड दोऱ्यानं बांधलेलं.

"हे घे. तयार ठेवलाय तुझा नमुना."

"आई, मला गोणीतून घ्यायचा असतो. माझ्या हातानं."

खळ्यावर अकरा बायका होत्या. अकरा खराटे थांबले.

"तुझ्या हातानं? आणि माझ्या हाताला काय खरूज झालीय?"

गंगुबाई, आमच्या शेजारीण, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आवडा, सून तुझी ऱ्हायली नाय गो. सरकारनं नेलान् तिला."

हशा झाला. आवडाबाई हसल्या नाहीत. पिशवी पुढे धरून उभ्या राहिल्या. हात लांब केलेला, पदर डोक्यावर नीट, नजर माझ्या हातमोज्यांवर.

आठ वर्षं मी ह्या घरात आहे. घरात मी त्यांच्याशी भांडते, मिठावरून, नवऱ्याच्या, भावेशच्या, लोट्याच्या कारखान्यातल्या नोकरीवरून, टीव्हीवरून. चार बायकांत मात्र त्यांच्या हातातलं काही नाकारलेलं नाही. तसं कुणाचीच सून करत नाही.

मी पिशवी घेतली.

फॉर्मात लिहिलं: मी स्वतः, तीन गोण्यांतून.

रकाना ४. नमुन्याची अवस्था

आज दुपारी सव्वादोनला.

सकाळी निम्मा नमुना स्वरूप सरांनी दळून यंत्रात लावला होता. उरलेला निम्मा दळून डबीत सील करून ठेवायचं काम माझं. मी मिक्सर लावला.

सुकट मिक्सरमध्ये किंचाळते. खळ्यावरची वाळू असते तिच्यात. कितीही झाडा, असतेच. पाच खळ्यांच्या सुकटीनं आमच्या मिक्सरची पाती बोथट करून टाकलीत.

ही किंचाळली नाही. पोहे दळल्यासारखा आवाज.

मी बटण बंद केलं. झाकण काढून चिमूट घेतली, दोन बोटांत चोळली. दातांखाली धरणार होते, तेवढ्यात आठवलं आणि हात खाली घेतला. वाळू नाही. एक कण नाही. खारटपणाचा तो नाकात चढणारा वासही नाही.

फोन लावला. तिकडून टेम्पोच्या फाळक्याचा आवाज.

"आई, कालची पिशवी कुठली होती?"

"कुठली म्हंजे? आपलीच."

"गोणीतली?"

"गोणीतलीच ना. निवडली, चाळली, तीन पाण्यांतून काढली, घरात पंख्याखाली वाळवली. दोन दिवस मोडले माझे."

"धुतलीत?"

"मग? सरकारला वाळू खायला घालू? एवढा मुंबईसून साहेब आलाय. आपल्या घरची सुकट त्याच्या दाताखाली करकरली असती म्हंजे? उद्या म्हणाला असता, काय ह्या बंदरवाडीच्या बाया! तुझ्या आयेला पाठवते ती काय न धुता पाठवते?"

नाही. न धुता पाठवत नाहीत. इथं कुठलंच घर पाठवत नाही. विकायची सुकट वेगळी आणि द्यायची सुकट वेगळी. द्यायची म्हणजे लेकीच्या सासरी, डॉक्टरला, शाळेच्या बाईंना. ती धुऊन, निवडून, पांढऱ्या कापडात. विकायची कुणी धूत नाही. धुतलेली टिकत नाही. दिलेल्यात वाळू निघाली तर घराची अब्रू जाते.

मी मागितला होता नमुना. त्यांनी दिली भेट.

"आई, टेम्पो थांबवा."

"का गो?"

"साहेब ती खाणार नव्हते, आई. ते मोजणार होते. जे पडलं ते सुकटीच्या वर पडलं. तुम्ही ते धुऊन टाकलंत."

तिकडे फाळका आपटला.

"चारला निघतो टेम्पो," त्या म्हणाल्या. "चाळीस गोणी. खेडचा बाजार उद्या हाय." आणि फोन बंद.

रकाना ५. सहायकाचा शेरा

काही नाही.

(स्वरूप सर शेजारच्या टेबलावर बसले होते. चार पावलं. मी त्यांना सांगायला हवं होतं. सांगायचं म्हणजे सहीचं सांगायचं. मी म्हटलं, "सर, जरा घरी जाऊन येते." ते म्हणाले, "बरं." आणि मी निघाले.)

रकाना ६. वेळ

दोन पन्नास, रिक्षा. तीन बारा, खळं.

टेम्पोचं तोंड रस्त्याकडे. छत्तीस गोण्या चढलेल्या, चार खाली. ड्रायव्हर रघू दोरखंड बांधत होता. आमच्याच वाडीतला, माझ्या नवऱ्याबरोबर शाळेत होता. काचेच्या आत, गणपतीच्या फोटोला टेकवून, हिरवी चिठ्ठी.

"आई, एक किलो मला गोणीतून घेऊ द्या. पुन्हा मोजायचं आहे. तोवर गाडी उभी राहू दे."

"किती वेळ?"

"मोजायला एक तास. जायला-यायला, दळायला... सहा तरी वाजतील."

रघूनं मान हलवली. "वहिनी, सहाला निघून खेडला पोचणार कधी? उतरवून घेणारी माणसं काय माझी वाट बघत बसतील?"

"आणि मोजून काय निघणार हाय?" आवडाबाईंचा आवाज सगळ्या खळ्याला ऐकू जाईल असा होता. "चौतीस निघाले. कागद दिलाय तुमच्याच साहेबानं. तुझी सही हाय त्यावर. आता तीच सही तू खोटी म्हणणार?"

बायका जवळ आल्या होत्या.

"समज, पडलं असेल वर काय ते," आवडाबाई जरा खालच्या पट्टीत आल्या. "धुतल्यानं जातं ना? तूच म्हणालीस, जातं. मग खाणारा धुईल की! शिजवताना सगळे धुतातच."

"कोण धुतं?"

"सगळे."

"आपल्या घरात कोण धुतं, आई? तुम्ही धुता?"

सुकट कोरडी तव्यावर टाकतात. भाजली की वाळू खाली बसते, मग वरच्यावर हातानं उचलतात, पाट्यावर लसूण-खोबऱ्याबरोबर वाटतात. पाणी लागलं तर चटणीची मजा गेली. हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकीला माहीत होतं.

गंगुबाई हळूच म्हणाल्या, "माझी सून तर भाजतसुदा नाय. तेलात टाकते तशीच."

"तू गप गो!"

"गपच हाय मी. माझ्या पण नऊ गोणी हायत त्यात."

रघूनं दोरखंडाची शेवटची गाठ मारली. इंजिन सुरू केलं नव्हतं, पण दार उघडून एक पाय आत ठेवला होता. "आवडाकाकी, काय ते ठरवा. माझा हात कागद असला की चालतो, नसला की नाय."

तेव्हा आवडाबाई खाली राहिलेल्या चार गोण्यांपैकी एकीकडे गेल्या. तोंडाची सुतळी दातांनी तोडली. आत हात घालून मूठ भरली. मूठ वर धरून सगळ्यांना दाखवली.

"बघा. मी खाते. हितं, सगळ्यांसमोर. काय झालं मला तर म्हणा विष हाय. नाय झालं तर गाडी जाईल."

"आई, असं लगेच काही होत नसतं, म्हणूनच—"

त्यांनी तोंड उघडलं.

मी त्यांचं मनगट धरलं.

नीट सांगायचं तर पकडलं. दोन्ही हातांनी. त्यांच्या बांगड्या माझ्या हातमोज्यात रुतल्या. त्या जोर लावत होत्या आणि मीही. चाळीस वर्षं पाट्या उचललेला हात तो, माझ्याच्यानं तोंडापासून वीतभर लांब कसाबसा राहत होता. सुकट मुठीतून त्यांच्या हनुवटीवर सांडली. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं सुने, सासू हाय ती!"

"नमुना मी घेतला नाही," मी म्हटलं. माझा आवाज मला अनोळखी वाटला. "मी लिहिलं मी घेतला. आईंनी दिलेली पिशवी मी नेली. ती धुतलेली होती. चौतीस तिचे आहेत. ह्या गोण्यांचे किती, ते कुणालाच माहीत नाही. सही खोटी आहे."

हात ढिला पडला. माझा आधी की त्यांचा, ते सांगता येत नाही.

मी गाडीच्या खिडकीतून हात घालून चिठ्ठी काढली आणि फाडली. रघू बघत राहिला. "हे बरंय," तो म्हणाला. "आता मी गाडीत काय नेऊ, गणपती?"

आवडाबाईंनी मूठ गोणीत उघडली. सवयीनं हात लुगड्याला पुसायला गेला आणि मध्येच थांबला. तो तसाच अंगापासून लांब धरून त्या म्हणाल्या,

"उतरव रे."

रकाना ७. मोजणीचा कालावधी: ३६०० सेकंद

ह्या वेळी तीन गोण्यांतून, वरचा, मधला, तळचा, मी घेतला. आवडाबाई बरोबर आल्या. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, "मोजताना मी समोर बसणार. कालसारखं नको." काल काय झालं होतं आणि कुणामुळे, हे मी बोलले नाही. रिक्षात पिशवी माझ्या मांडीवर होती, आणि त्या पिशवीकडे बघत नव्हत्या.

स्वरूप सरांना सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले. "हे मला वर कळवावं लागेल."

"कळवा."

"तुमचं काम जाईल बहुतेक."

"हो."

मिक्सर किंचाळला. मग यंत्राचं जाड झाकण बंद झालं.

*सेकंद ४०.* पडद्यावर आकडा उड्या मारतोय. दोनशे, सातशे, शंभर. सर म्हणाले, आत्ताच्या आकड्याला अर्थ नाही, जरा साचू द्या.

*सेकंद २१०.* आवडाबाई स्टुलाच्या काठावर. "शिजतंय काय आत? कुकरसारखं?" सर म्हणाले, "नाही, आजी. आत काहीच करत नाही आपण. फक्त ऐकतो." "मग एवढं शिसं कशाला?" "बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून." त्यांनी मान हलवली. हे त्यांना पटलं.

*सेकंद ६००.* ४३१. आजूबाजूला साठ चुकू शकतात.

*सेकंद ७८०.* सर मला: "हिरव्या चिठ्ठीवर आणखी कुठं माल गेला?" मी म्हटलं, नाही, टेम्पो उतरवला. आवडाबाई पडद्याकडे बघत होत्या.

*सेकंद ९५०.* ४१८. चूक पंचेचाळीस.

*सेकंद १२००.* ४२४. काटा म्हणा, आकडा म्हणा, आता हलायचा थांबला. आवडाबाईंना वाचता येतं, आकडे तर चांगलेच येतात. त्यांनी पाचही खळ्यांचे आकडे पाठ केले होते, चौतिसाशेजारी ठेवून चार दिवस मिरवायला. आता त्यांचे ओठ हलत होते.

*सेकंद १३४०.*

"सगुणा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सगुणा गेली दुपारी. बारालाच. दोन पाट्या घेऊन. चिठ्ठी आली तशी मीच म्हटलं, जा, शहरात फिरून ये, बंदरवाडीची सुकट सुटली म्हणून सांग."

सगुणा म्हणजे आमच्या खळ्याची दारोदार विकणारी.

"आई! खळ्यावर का नाही सांगितलंत?"

"म्हटलं..." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "म्हटलं, चौतीसच येतील परत."

सरांनी ऑफिसला फोन लावला. उभ्यानंच बोलले, दोनदा आवाज चढवला. मग फोन ठेवून म्हणाले, "जाहीर सूचना उद्या सकाळी. आज सही करणारे नाहीत." आणि जरा थांबून, माझ्याकडे नाही तर आवडाबाईंकडे बघत, "हे बघा, घाबरून जाऊ नका. एका जेवणानं कुणी मरत नाही."

"मग मर्यादा कशाला ठेवलीत?"

"रोज खाणाऱ्यांसाठी. लहान मुलांसाठी. गरोदर बायकांसाठी."

"सगुणा कुणाला विकते ते तिला इचारून विकते काय, पोटुशी हायस का म्हणून?" त्या उठल्या. "चल गो."

"अजून अर्ध्याहून जास्त मोजायचं आहे," सर म्हणाले.

"तुम्ही मोजा."

*सेकंद १५१५.* आम्ही जिन्यात.

रकाना ८. वाटप झाले असल्यास, कोठे

सगुणा फोन उचलत नव्हती. सापडली सहाला, बाजाराच्या कोपऱ्यावर, रिकाम्या पाट्या एकात एक घालून चहा पीत. आम्हाला बघून खूश झाली.

"काकी! अर्ध्या दिवसात खपली! बंदरवाडीची म्हटल्यावर—"

"कुणाकुणाला दिलीस?"

तिला सगळं ऐकवायला दोन मिनिटं लागली. चहाचा ग्लास तिनं खाली ठेवला.

"काकी, विकलेलं परत मागू? उद्या मला कोण दारात उभं करील?"

"मी मागते. तू नुसती दारं दाखव."

दारोदार फिरणाऱ्या बाईला वही लागत नाही. सगुणानं बोटांवर सांगितलं. देवळामागची आळी, सात घरं. तिथून वर चढण, चार. बँकेच्या मागची चाळ, दोन. आणि नवीन इमारत, तळमजला, एक.

"ती नवीन आलीय. योगिनी नाव. नवरा रेल्वेत. तिला सुकटीचेच डोहाळे लागलेत म्हणाली. मूठभर वर घातली मी. दोन जिवांची म्हणून."

आवडाबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. "ती कुठं? जवळ की लांब?"

"सगळ्यात लांब. घाटीच्या पलीकडं."

"तिचा फोन?"

"माझ्याकडं कशाला असेल फोन?"

आधी तिच्याकडे जायचं की वाटेतली तेरा घरं घेत? सहा वीस झाले होते. सगळीकडे स्वयंपाकाची वेळ. सगुणा म्हणाली वाटेतलीच घरं आहेत, रस्ता एकच. आवडाबाईंनी पदर खोचला.

लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं फिरून विकणं थांबलं होतं. त्यांची आरोळी मी कधी ऐकली नव्हती. देवळामागच्या आळीच्या तोंडाशी त्यांनी डोक्यावर रिकामी पाटी ठेवली, एक हात कानाला लावला आणि—

"सुकऽऽट परत द्याऽऽ! बंदरवाडीची सुकऽऽट! खाऊ नकाऽऽ, परत द्याऽऽ!"

खिडक्या उघडल्या. एक म्हातारे गृहस्थ गॅलरीतून ओरडले, "काय हो, उलटा बाजार सुरू केलात?"

"उलटाच, भाऊ! घेतलीत का आज?"

पहिलं घर: पुडी तशीच, न उघडलेली. परत.

दुसरं: परत.

तिसरं: "आम्ही दुपारीच खाल्ली. चांगली होती." सगुणानं तोंड फिरवलं. मी नाव लिहून घेतलं. घरात कोण कोण, किती वर्षांचे, कुणी किती खाल्ली.

चौथं: बाई भांडली. "दुपारी सांगता सुटली, संध्याकाळी सांगता खाऊ नका. तुम्हाला काय खेळ वाटला?" आवडाबाई पायरीखाली उभ्या होत्या. म्हणाल्या, "तपासायला दिली ती मी धुऊन दिली. तुम्हाला विकली ती न धुतलेली. चूक माझी." पहिल्यांदा कबूल केलं ते असं. बाईनं पुडी आणून पाटीत टाकली, वरून, हात लागू न देता.

पाचवं, सहावं: परत.

सातवं: कुलूप.

चढणीवरच्या चौघांपैकी तीन परत. चौथ्या घरात मांजराला घातली होती. मांजर भिंतीवर बसून आमच्याकडे बघत होतं.

चाळीतली दोन: एक परत. दुसऱ्या घरी म्हणाले, फेकली, आणि फेकलेली कुठं ते दाखवेनात. आवडाबाईंनी तिथं चार मिनिटं घालवली. त्या चार मिनिटांचा मला नंतर फार राग आला, तेव्हा मात्र मीच त्यांच्या बाजूनं भांडत होते.

माझा फोन वाजला. स्वरूप सर. "मोजणी पूर्ण. चारशे एकोणीस."

मी आवडाबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकलं, थांबल्या नाहीत. घाटीच्या पायऱ्या चढताना त्यांना दम लागत होता, तरी आरोळी चालू होती. आता तिच्यातले अर्धे शब्द गळाले होते. सुकऽऽट... परत... सुकऽऽट.

सात पाच.

नवीन इमारतीच्या फाटकाशी त्या एकदम थांबल्या. नाक वर केलं. मलाही तोच वास आला, आणि सगुणालाही.

भाजत होती.

कोरड्या तव्यावर, मंद आचेवर, जशी भाजायची तशीच. खारट, खमंग, भूक लागेल असा वास. तळमजल्याच्या खिडकीतून धूर नव्हता, नुसता वास. म्हणजे करपवली नव्हती. म्हणजे झाल्यात जमा होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. म्हावरंवाली, म्हणजे मासळीवाली, पायरीच्या आत जात नाही; बोलावलं तरी उंबऱ्याशी बसते, पाटी बाहेर ठेवते. आवडाबाईंनी पाटी फाटकातच टाकली आणि चपलांसकट आत गेल्या. मी त्यांच्या मागे.

ओट्याशी पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, मॅक्सीवर ओढणी, पोट ओट्याला टेकेल एवढं पुढे आलेलं. डाव्या हातात उलथनं. उजव्या हाताची बोटं ओठांपाशी. आम्हाला बघून दचकली, पण तोंड मिटलेलंच राहिलं. गाल हलत होते.

"गॅस बंद कर, दिशा," आवडाबाई म्हणाल्या.

मी बंद केला.

त्या योगिनीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. दम खात होत्या, त्यामुळे काही सांगता येईना, कोण, कुठल्या, काय झालं, काहीच नाही. त्यांनी नुसता उजवा हात पुढे केला, तळवा वर करून, तिच्या हनुवटीखाली, लहान मुलासमोर धरतात तसा.

"थुंक, बाय," त्या म्हणाल्या. "हितं. माझ्या हातावर थुंक."

योगिनीनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या हाताकडे. गाल हलायचे थांबले.